पाथरीचे चक्रवाल आणि संगणनीयतेची सीमा

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गाव महाराष्ट्राला साईबाबांच्या जन्मस्थानाच्या चर्चेमुळे ठाऊक आहे. गणिताच्या इतिहासात या गावाला आणखी एक मान आहे, आणि तो परभणीकरांनाही फारसा माहीत नाही. सोळाव्या शतकात गोदाकाठच्या पार्थपुरात ज्योतिषी-गणितींचे एक घराणे नांदत होते. पार्थपूर म्हणजेच आजची पाथरी, असे अभ्यासक मानतात. या घराण्यातील ज्ञानराजाने १५०३च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ रचला. त्याचा मुलगा सूर्यदास, म्हणजे सूर्यपंडित, याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८मध्ये ‘सूर्यप्रकाश’ आणि लीलावतीवर १५४१मध्ये ‘गणितामृतकूपिका’ अशा टीका लिहिल्या. सरळ वाचले तर रामकथा आणि उलट वाचले तर कृष्णकथा, असे विलोमकाव्यही याच सूर्यपंडिताचे. संगणनीयता, म्हणजे कोणता प्रश्न ठरावीक रीतीने सुटतो आणि कोणता नाही याचे आधुनिक शास्त्र, आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा परिचय करून देताना पाथरीपासून सुरुवात करण्याला सबळ कारण आहे. या शास्त्राच्या एका मोठ्या सिद्धान्ताच्या मुळाशी जे समीकरण आहे, तेच सूर्यपंडिताच्या पुढ्यातल्या ग्रंथात सोडवलेले आहे.

ते समीकरण आपल्या परंपरेत वर्गप्रकृती या नावाने येते. एका संख्येच्या वर्गाला ६१ने गुणावे, त्यात १ मिळवावा आणि उत्तर पूर्ण वर्ग यावे. तर ती संख्या कोणती? भास्कराचार्यांनी ११५०मध्ये हा प्रश्न चक्रवाल, म्हणजे चाकासारखी तीच कृती फिरून फिरून करण्याच्या, रीतीने सोडवून दाखवला. कनिष्ठ (शोधायची संख्या) १ घेतले तर ६१मध्ये ३ मिळवून ६४ येतात, म्हणजे ज्येष्ठ (आलेल्या वर्गाचे मूळ) ८ आणि क्षेप (मिळवलेली संख्या) ३. आता अशी संख्या निवडायची की ती ८मध्ये मिळवल्यावर ३ने निःशेष भाग जाईल आणि तिचा वर्ग ६१च्या जवळ असेल. ७ ही ती संख्या. ८ आणि ७ मिळून १५, त्याला ३ने भागून ५. हे नवे कनिष्ठ. ५चा वर्ग २५, त्याची ६१पट १५२५. त्यातून ४ वजा केले की १५२१, म्हणजे ३९चा वर्ग. क्षेप ३ होता तो उणे ४ झाला. याच चाकावर आणखी फेरे घ्यावेत, किंवा क्षेप उणे ४वर आला आहे म्हणून ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे दोन उत्तरांपासून तिसरे काढण्याची युक्ती, लावून वाट जवळ करावी. दोन्ही वाटांनी शेवटी क्षेप १वर येतो. कनिष्ठ निघते २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. शून्य सोडले तर याहून लहान उत्तर नाही. हाच ६१चा प्रश्न फर्माने १६५७मध्ये युरोपातील गणितींना आव्हान म्हणून घातला होता.

रीत उत्तर देते, हे उदाहरणांवरून दिसते. ती दर वेळी थांबेलच कशावरून, हा प्रश्न वेगळा आणि अधिक खोल आहे. गुणक पूर्ण वर्ग नसेल तर अशा समीकरणाला नेहमी उत्तर असते हे लाग्रांजने अठराव्या शतकात सिद्ध केले. खुद्द चक्रवाल नेहमी शेवटास जाते याची सिद्धता कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३०च्या सुमारास मांडली. त्याच काळात हा प्रश्न फार मोठ्या अंगाने विचारला जात होता. पूर्णांकी उत्तर मागणारे कोणतेही समीकरण द्या, त्याला उत्तर आहे की नाही हे ठरवणारी एकच रीत सांगा, असे हिल्बर्टने १९००मध्ये मागितले होते. रीत म्हणजे नेमके काय, हे ट्युरिंगने १९३६मध्ये एका कल्पित यंत्राच्या रूपाने बांधून दिले आणि काही प्रश्नांना अशी रीत असूच शकत नाही हे दाखवले. हिल्बर्टचा प्रश्न त्यांपैकीच आहे, हे १९७०मध्ये बावीस वर्षांच्या युरी मातियासेविच याने सिद्ध केले. त्या वाटेवर गणिती ज्युलिया रॉबिन्सन यांना १९५०च्या सुमारास एक हत्यार हवे होते: ज्याची उत्तरे फार झपाट्याने वाढतात असे साधे समीकरण. ते त्यांना वर्गप्रकृतीतच मिळाले. पाच या आकड्यापासून बावीस कोटींपर्यंतची झेप वर पाहिली, तोच हा गुण. मातियासेविचची पहिली सिद्धता फिबोनाची संख्यांवर होती, पण पुढे पाठ्यपुस्तकांत रूढ झालेली मांडणी पुन्हा वर्गप्रकृतीवरच उभी राहिली.

या शास्त्राची आजची मोठी संघटना म्हणजे ‘असोसिएशन कम्प्युटेबिलिटी इन युरोप’. लीड्सचे गणिती बॅरी कूपर हे तिचे प्रमुख शिल्पकार. २००५मध्ये ॲम्स्टरडॅमला परिषद भरली आणि मग दरवर्षी वेगळे शहर: २०१२मध्ये ट्युरिंगच्या जन्मशताब्दीला केंब्रिज, २०२३मध्ये जॉर्जियातील बातुमी. गणिती, संगणकशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ आणि जीवशास्त्राकडे वळलेले संशोधक तिथे एका मांडवाखाली येतात. २०१२पासून ‘कम्प्युटेबिलिटी’ हे नियतकालिकही निघते. अशा अमूर्त विषयाला प्रयोगशाळा नसते. त्याला एकमेकांच्या सिद्धता तपासणारी माणसे लागतात, आणि ती जमवणे हेच अशा संघटनेचे खरे काम. आपल्याकडेही ही गरज पूर्वी ओळखली गेली होती. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला आणि व्यापाऱ्यांच्या मालावरील कराचा वाटा त्याला लावून दिला गेला. १२०७च्या सुमाराचा तिथला शिलालेख अंशतः मराठीत आहे. आजच्या भारतात तर्कशास्त्राच्या अभ्यासकांची संघटना आहे आणि तिची २०१५ची परिषद मुंबईच्या आयआयटीत भरली होती.

यावर आक्षेप येईल की आजचे शास्त्र जुन्या ग्रंथात शोधण्याचा हा हट्ट आहे. आक्षेप गंभीर आहे आणि त्याची पहिली बाजू मान्यच केली पाहिजे: अमुक प्रश्नाला रीतच नाही असे सिद्ध करण्याचा विचार भास्कराचार्यांनी किंवा सूर्यपंडिताने केल्याचे दिसत नाही, आणि रॉबिन्सन यांच्या हाती ते समीकरण युरोपीय परंपरेतून आले. पण इथे केलेला दावा तेवढा मोठा नाही. समीकरण एकच आहे, एवढेच म्हणणे आहे, आणि त्यातून निघणारी गोष्ट शिकण्याजोगी आहे. सर्व समीकरणांना पुरेल अशी रीत नाही, हे कळल्यावरच त्यातल्या एका कुळाला हमखास रीत आहे याचे मोल उमगते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: जिंतूर-सेलूच्या मुलाला नोकरी हवी, त्याला अशक्यतेचे सिद्धान्त कशाला? तर त्यासाठीच. दिलेला कोणताही प्रोग्रॅम थांबेल की अडकेल हे अचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिता येत नाही, हे ज्याला पक्के ठाऊक आहे तो त्या नादी आयुष्य घालवत नाही. प्रोग्रॅमचे कोणते मर्यादित कूळ तपासता येईल, हे तो शोधतो. सॉफ्टवेअर तपासण्याचा उद्योग याच शहाणपणावर चालतो.

‘सूर्यप्रकाश’ची चिकित्सक आवृत्ती, इंग्रजी अनुवादासह, वडोदऱ्याहून २००१मध्ये निघाली. तिचा पहिला खंड कुट्टक या प्रकरणापाशी थांबतो. वर्गप्रकृती आणि चक्रवाल त्यापुढे येतात. त्या प्रकरणांवर पाथरीच्या पंडिताने काय लिहिले, ते मराठीत आणण्याचे काम परभणीच्या महाविद्यालयांतील गणित, संगणक आणि संस्कृतच्या प्राध्यापकांनी मिळून अंगावर घ्यावे.