डब्यातला धूर आणि फूटभर पाणी

सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या धुराची पीयूसी निघते. न जळताच टाकीतून उडून जाणाऱ्या पेट्रोलची मात्र गाडी रस्त्यावर आल्यावर कोणी विचारपूस करत नाही. ती होते आधी, मॉडेलला मंजुरी मिळताना. गाडी हवाबंद खोलीत उभी करायची, तापमान चढवायचं आणि किती वाफ सुटली ते मोजायचं. बीएस-6 मध्ये पेट्रोल मोटारीला या चाचणीत 2 ग्रॅमची मर्यादा आहे. अशा चाचण्यांचं आपल्याकडचं मोठं घर म्हणजे 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था. कोथरूडच्या टेकडीवर तिचं मुख्यालय आणि चाकणलाही केंद्र.

मंजुरी मिळालेली हीच गाडी सात-आठ पावसाळे खाऊन भोसरी-मोशीच्या एखाद्या गॅरेजात येते, तोवर रबरी होज तडकलेले असतात, एखादा उंदरानं कुरतडलेला असतो. गिऱ्हाइकाची तक्रार एकच: ‘पेट्रोलचा वास मारतोय.’

अमेरिकेतल्या गाड्या 1996 पासून टाकीची गळती स्वतः तपासू लागल्या. पुढे अर्ध्या मिलिमीटरचं भोकही पकडू लागल्या. आपली मानकं युरोपच्या वळणानं गेलेली. इथल्या बहुतेक गाड्यांत ही सोय नाही, त्यामुळे स्कॅनर लावला तरी तो या बाबतीत गप्प बसतो. मग उरतं नाक, आणि नाक थकलं की टाकीच्या यंत्रणेत धूर भरून गळती दाखवणारं स्मोक मशीन.

कंपनीचं मशीन महाग. गॅरेजात बनवलेल्याला लागतो घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, डिझेल गाडीचा ग्लो प्लग, त्याला गुंडाळायला काचेच्या धाग्याची वात, मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन आणि हवा आत-बाहेर जायला दोन निपल. असला माल पूर्वी चिखलीच्या कुदळवाडीत भंगारात मिळायचा. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथं बुलडोझर फिरवला आणि तो बाजार बराचसा उठला. ग्लो प्लगला बारा व्होल्ट दिले की वातीतलं तेल तापून पांढरा दाट धूर होतो. हा धूर म्हणजे तेलाचे बारीक थेंब, उदबत्तीच्या धुरासारखाच अंधारात टॉर्च तिरपा मारला की उठून दिसणारा.

इथवर कोणीही येतो. खरं काम दाबाचं आहे. टायरमध्ये तीस-बत्तीस पीएसआय हवा असते, गॅरेजच्या कॉम्प्रेसरमध्ये शंभराच्या वर; आणि टाकीच्या वाफेच्या यंत्रणेला अर्ध्या पीएसआयच्या वर द्यायचा नाही. साध्या रेग्युलेटरच्या काट्यावर अर्धा पीएसआय नीट दिसतही नाही. यावरचा उपाय मला मशीनपेक्षाही आवडतो. हवेच्या नळीला एक फाटा काढायचा आणि तो उभ्या पाइपातल्या पाण्यात एक फूट बुडवायचा. फूटभर पाण्याचा दाब सुमारे 0.43 पीएसआय. दाब त्याच्या वर गेला की जादा हवा बुडबुडे काढत निघून जाते. हा सेफ्टी व्हॉल्व्ह गंजत नाही, अडकत नाही, कॅलिब्रेशनला पाठवावा लागत नाही. पाणी मात्र भरायला विसरू नये.

मग टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरचं बाहेरच्या हवेचं तोंड बुजवायचं आणि ती वाफ इंजिनाकडे नेणाऱ्या पर्ज लाइनमधून धूर सोडायचा. टाकीचं झाकण उघडं ठेवून तिथून धूर आला की झाकण बंद. आता थांबायचं. घाई करणाऱ्याला काही दिसत नाही. बऱ्याच वेळानं फिलर नेकच्या क्लिपखालून किंवा पंपाच्या सीलवरून धुराची एक रेघ वर चढते. पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल तर धूर थेट इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डात जातो. पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर स्टार्ट होत नाही, ही तक्रार असेल तर आधी तिथंच बघावं.

जुगाडाचं मला कौतुक आहे, पण एका ठिकाणी मी हात जोडतो. तापलेला ग्लो प्लग, त्यातून जाणारी हवा आणि पुढे पेट्रोलची टाकी, हा मेळ जीवघेणा आहे. हवेत दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास पेट्रोलची वाफ असली की ती पेटते, आणि एरवी वाफेनं गच्च असलेल्या टाकीत हवा ढकलून आपणच तिला त्या पट्ट्यात आणून ठेवतो. घरगुती मशीन मॅनिफोल्डची एअर लीक शोधायला खुशाल हवेवर चालवा. टाकीसाठी नायट्रोजनच हवा, आणि तोही ग्लो प्लग चालू करण्याआधी डब्यात फिरवून घेतलेला. टायरवाल्याकडे नायट्रोजन असतोच. सिलिंडर आणायचा कंटाळा ही सबब नाही.

आणि कित्येकदा भोक नसतंच. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही ‘राउंड फिगर करा’ म्हणायची आपल्याला खोड. ते वरचं पेट्रोल वाफेच्या वाटेनं कॅनिस्टरमध्ये शिरतं, आणि तिथला कोळसा वाफ शोषायला ठेवलेला, द्रव पेट्रोल प्यायला नव्हे. तो भिजला की वाफ धरायचं सोडतो. त्यामुळे जाणता मेकॅनिक डबा तापवण्याआधी कॅनिस्टर सोडवून हातात तोलून बघतो. जड लागला, हलवल्यावर आत डचमळलं, तर धूर करायची गरजच पडत नाही.