टेकच्या भांडाराची नोंदवही

डोनाल्ड नूथ यांची टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली १९७८ची. तिच्या जोडीची पॅकेजेस मात्र बरीच वर्षं ठिकठिकाणच्या सर्व्हरवर विखुरलेली होती. १९९०च्या दशकात ती सीटॅन या सामायिक भांडारात एकवटली. माझ्या मते भांडारापेक्षा मोलाची आहे ती त्याची नोंदवही: लेखक, आवृत्ती, परवाना, एका ओळीचं वर्णन. परवान्याचा रकाना तर निर्णायकच, कारण टेक लाइव्ह या वितरणात मुक्त परवान्याचीच पॅकेजेस घेतली जातात. शोधयंत्रावर सगळं सापडतं, मग ही उस्तवार कशाला, असं कुणी म्हणेल. सापडतं खरं, पण हाती लागलेली प्रत कधीची आहे आणि ती कशाकशावर अवलंबून आहे, हे तिथे कळेलच असं नाही. उदाहरणार्थ, मराठीसाठी पॉलीग्लॉसिया हे भाषांचं पॅकेज वापरायचं तर झीटेक किंवा लुआटेक हे टेकचं इंजिन लागतं. नुसत्या पीडीएफटेकवर ते चालत नाही, आणि नवखा माणूस इथेच अडतो. भांडारात येणाऱ्या पॅकेजेसची स्वयंसेवक जी तपासणी करतात तिच्यात वेळ जातो, हा आक्षेप मात्र खरा आहे. तरी ती हवीच: एकाच नावाच्या दोन फाइली यंत्रावर असल्या, तर टेक आधी सापडेल ती मुकाट्याने उचलतं, आणि चूक दिसते ती थेट छापील पानावर.