मनखूलमधून गोठ्यावर नजर

रविवारी सकाळी साडेसहा वाजता मी मनखूलमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत चहा घेऊन बसतो, तेव्हा गावी आठ वाजलेले असतात. दादा एकेक करडू काट्याच्या झोळीत घालतो, वहिनी वहीत आकडा लिहिते आणि मी इथे तोच आकडा मोबाइलमधल्या तक्त्यात भरतो. 2022 पासून इथली सुट्टी शुक्रवारवरून शनिवार-रविवारवर आली, त्याचा आमच्या घराला झालेला सर्वांत मोठा फायदा हाच!

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, म्हणजे उस्मानाबादी शेळीचं माहेर. काळी, उंच, दुष्काळात तग धरणारी, आणि बऱ्याचदा जुळं देणारी. आई चार शेळ्या सांभाळायची. दोन वर्षांपूर्वी मी इथून पैसे पाठवले आणि पंचवीस शेळ्यांचा गोठा बांधला. मोठ्या शेळीला छताखाली साधारण 12 चौरस फूट आणि बाहेर मोकळ्या आवारात त्याच्या दुप्पट जागा, गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम, असा सगळा हिशोब मी इथेच बसून केला. (बर दुबईत आलो तेव्हा माझ्या वाट्याला एका खोलीतली सहा बाय तीनची खाट होती. शेळ्यांचा नकाशा काढताना तिची आठवण आल्याशिवाय राहिली नाही.)

गोठ्यात कॅमेरा बसवला. तापमान आणि हवेतली आर्द्रता मोजणारी एक डबीही लावली. इथे ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभं राहून मला गोठ्यातलं तापमान कळू लागलं. मित्रांना दाखवायचोही. मात्र खरं उपयोगी पडलं ते वजन. काटा नव्हता तेव्हा आम्ही टेपने काम भागवायचो. छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याचा वर्ग करून अंगाच्या लांबीने गुणायचं आणि 660 ने भागायचं, की किलोत अंदाज येतो. घेर 26, लांबी 25 असेल तर साडेपंचवीस किलोच्या आसपास. मोठ्या जनावराला हे चालतं. करडांना मात्र काटाच हवा, कारण तिथे पाव किलोचाही फरक महत्त्वाचा.

वजनाचं महत्त्व मला फलटणच्या कामावरून पटलं होतं. बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था सुरू केली. सुंदरबनातल्या गरोळ या लहान चणीच्या मेंढीत जास्त कोकरं देणारं एक जनुक असतं. ते दख्खनी मेंढीत आणून या संस्थेने ‘नारी सुवर्णा’ तयार केली. पण जुळी झाली म्हणून मेंढपाळाचा फायदा होतोच असं नाही. जुळी कोकरं जन्मतःच हलकी असतात, त्यांना दूध वाटून प्यावं लागतं. ती जगली आणि वाढली तरच पैसा. म्हणून मेंढपाळांच्या कळपात जाऊन कोकरांची वजनं घेण्याचं कामही त्यांना करावं लागलं.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टची गोष्ट. अकरा करडं होती. आठवड्याला सहाशे-सातशे ग्रॅम वाढणारी करडं एकदम अडीचशेवर आली. पुढच्या रविवारी दोघांचं वजन उलट घटलं. डबी सांगत होती, 24 अंश. कॅमेऱ्यात सगळं कोरडं, शांत. मी दादाला म्हटलं, खुराक वाढव. मग म्हटलं, जंताचं औषध दे. त्याने लेंड्या तपासून आणल्या, विशेष काही निघालं नाही. आम्हा दोघांचा आवाज चढला. बकरी ईदला बोकड जिवंत वजनावर जातो आणि दादाने त्या भरवशावर कर्ज काढलेलं.

तिसऱ्या आठवड्यात एक पाठ खोकू लागली, नाकातून शेंबूड. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले, पण ती दुसऱ्या रात्री गेली. सकाळी वहिनीने फोन घेतला. एरवी ती माझ्याशी मोजकंच बोलते.

“भाऊजी, तुमच्या त्या डबीला वास येतो का?”

मला समजलं नाही. ती म्हणाली, “पहाटे दार उघडलं की डोळे चुरचुरतात. चार दिवस सांगतेय, हे म्हणतात फोनमध्ये सगळं ठीक दिसतंय.”

जुलैत कॅमेऱ्यात पावसाचे शिंतोडे दिसले म्हणून पश्चिमेची ताडपत्री खालपासून वरपर्यंत घट्ट बांधायला मीच लावली होती. मुताने भिजलेल्या मुरमातून अमोनिया सुटत होता आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. डबी सात फुटांवर, आढ्याजवळ. ती अमोनिया मोजतही नाही. आणि करडाचं नाक जमिनीपासून फूटभर, बसल्यावर त्याहून खाली. त्या वासाने आधी श्वासनलिका सोलवटते, मग न्यूमोनिया, आणि खाणं तर त्याआधीच कमी होतं. काट्याने हे तीन आठवडे आधी सांगितलं होतं. मी मात्र खुराकाकडे बोट दाखवत बसलो.

त्याच दिवशी दादाने ताडपत्री वरून दीड फूट मोकळी केली. ओला मुरूम खणून टाकला, चुना मारला, कोरडा मुरूम भरला. करडांना झोपायला लाकडी फळ्यांचा माचा केला. डबी आता गुडघ्याच्या उंचीवर आहे, जाळीच्या पिंजऱ्यात, नाहीतर शेळ्या चावतात. दुसरं आजारी करडू वाचलं, पण बाकीच्यांच्या मागेच राहिलं. उरलेल्यांना पूर्वीची गती यायला महिना लागला. ईदपर्यंत बोकड अपेक्षेपेक्षा हलकेच राहिले. कर्जाचा एक हप्ता इथून गेला.

वहीत आता वजनाशेजारी वहिनीने स्वतःचा एक रकाना आखला आहे, ‘वास’. पहाटे दार उघडण्याआधी ती आत जाऊन करडांच्या उंचीला उकिडवी बसते आणि ‘नाही’, ‘थोडा’ किंवा ‘आहे’ यांपैकी एक शब्द लिहिते. माझ्या तक्त्यातही तो रकाना आहे. या रविवारी नऊ करडांची वजनं झाल्यावर मी विचारलं, वास? “थोडा आहे. यांना आजच मुरूम आणायला सांगितलाय,” म्हणाली, आणि मेथीघास कापायचा होता म्हणून फोन दादाच्या हातात देऊन गेली.