क्रूझच्या सहलीची खरी परीक्षा धक्क्यावरच!

क्रूझच्या जाहिरातींमध्ये निळा समुद्र असतो, तरणतलाव असतो, रात्रीची रोषणाई असते. धक्क्यावरचे पहिले तीन-चार तास मात्र त्यात कधीच नसतात. आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सर्वांना घेऊन निघालेल्या कुटुंबाची सहल सुखाची होणार की नाही, हे बऱ्याच अंशी याच वेळात ठरते. घरातील एकाचे जरी कागदपत्र अपुरे निघाले, तरी त्या व्यक्तीला मागे ठेवायचे की सर्वांनीच परत फिरायचे, असा पेच उभा राहतो. जहाज थांबत नाही आणि भरलेले पैसेही बहुतेक वेळा परत मिळत नाहीत.

मुंबईकरांना हा अनुभव आता घराजवळच घेता येतो. सप्टेंबर २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया' कंपनीच्या 'एम्प्रेस' या जहाजाने मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या सफरी सुरू केल्या. १९९० मध्ये बांधलेल्या या जहाजावर दीड हजारांहून अधिक प्रवाशांची सोय आहे. बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलच्या नव्या इमारतीचे उद्‌घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. तेथे तपासणी व इमिग्रेशनसाठी ७२ खिडक्या असून, वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची क्षमता आहे. सोयी वाढल्या, तरी जहाजावर चढण्याची शिस्त मात्र बदललेली नाही. ही शिस्त कशासाठी आहे, हे समजून घेतले, तर धक्क्यावरचा निम्मा मनस्ताप टळतो.

डोकी मोजण्याचे महत्त्व

रेल्वेत शेवटच्या क्षणी धावत जाऊन चढता येते. जहाजाचे तसे नाही. निघण्यापूर्वी जहाजावर नेमके किती आणि कोण प्रवासी आहेत, याची यादी पक्की करावी लागते. या यादीला 'मॅनिफेस्ट' म्हणतात. ती बंदराच्या आणि परदेशी सफर असेल तर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. त्यामुळेच जहाज सुटण्याच्या साधारणपणे तास-दीड तास आधी प्रवेश बंद होतो. जहाज संध्याकाळी पाचला सुटणार असेल, तर पावणेपाचला धक्क्यावर पोचलेल्या कुटुंबासाठी ते सुटल्यातच जमा असते.

या काटेकोरपणाचे मोल कोकणाला वेगळे सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक जणांना जलसमाधी मिळाली. मृतांचा आकडा आजही निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा दिला जातो. संकटाच्या वेळी कोणाला शोधायचे, हे ठरविण्यासाठी आधी कोण होते, याची खात्रीची नोंद लागते. चढताना प्रत्येकाचे छायाचित्र घेतले जाते आणि प्रत्येक वेळी कार्ड यंत्रासमोर धरावे लागते, ते यासाठीच.

वेळेचे गणित

क्रूझ जहाजे बहुधा एकाच दिवसात रिकामी होऊन पुन्हा भरतात. सकाळी आधीच्या सफरीचे प्रवासी उतरतात, मग केबिनची सफाई, शिधा व पाण्याची भरणी होते आणि दुपारपासून नवे प्रवासी चढू लागतात. त्यामुळे कंपनी प्रत्येक कुटुंबाला येण्याची ठराविक वेळ देते. त्याहून फार लवकर गेल्यास लहान मुले आणि वृद्धांना टर्मिनलमध्ये ताटकळावे लागते. जहाजावर प्रवेश मिळाला, तरी केबिन दुपारी उशिरापर्यंत तयार नसते, हेही लक्षात घ्यावे. दरम्यान जेवणाचा कक्ष सुरू असतो, तेथे जाता येते.

पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरहून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच मुंबईत मुक्काम करणे शहाणपणाचे. घाटातील वाहतूक कोंडी हे कारण जहाजाच्या कप्तानापुढे चालत नाही. विमानाने परदेशी जाऊन क्रूझ गाठणाऱ्यांनी तर किमान एक दिवस हाताशी ठेवावा. मराठी पर्यटकांच्या पसंतीच्या सिंगापूरमध्ये मरिना बे आणि हार्बरफ्रंट अशा दोन निरनिराळ्या ठिकाणी क्रूझ टर्मिनल आहेत. टॅक्सीचालकाला नुसते 'क्रूझ सेंटर' सांगितल्यास भलत्याच धक्क्यावर उतरण्याची वेळ येऊ शकते.

कागदपत्रांत अडते कुठे?

देशांतर्गत सफरीसाठी प्रत्येक प्रवाशाचे छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र लागते. झेरॉक्स किंवा मोबाईलमधील छायाचित्र यावर विसंबू नये. तिकिटावरील नाव ओळखपत्राशी जुळते का, हे आरक्षणाच्या दिवशीच पाहावे. विवाहानंतर नाव बदललेल्या महिला आणि घरातील लाडक्या नावाने आरक्षण झालेली मुले येथे हमखास अडतात. मूल आई-वडिलांपैकी एकाबरोबर किंवा केवळ आजी-आजोबांबरोबर जाणार असेल, तर अनेक कंपन्या पालकांचे संमतीपत्र मागतात. मुलाचा जन्मदाखलाही जवळ असू द्यावा.

परदेशी सफरीत सर्वांत मोठी चूक व्हिसाबाबत होते. सिंगापूरहून निघून मलेशियातील बंदर पाहून पुन्हा सिंगापूरला परतणे म्हणजे सिंगापुरात दोनदा प्रवेश करणे होय. युरोपात शेंगेन देशातून निघालेले जहाज तुर्कस्तानला जाऊन परत येते, तेव्हाही हेच लागू होते. म्हणून एकदाच प्रवेश देणारा व्हिसा अशा सफरीला पुरत नाही. 'मल्टिपल एंट्री' व्हिसा घ्यावा. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी.

वय आणि प्रकृतीचेही नियम आहेत. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला आणि सफर संपेपर्यंत गर्भारपणाचा चोविसावा आठवडा सुरू होणाऱ्या महिलेला प्रवेश देत नाहीत. भर समुद्रात प्रसूतीची किंवा तान्ह्या बाळाच्या उपचारांची पुरेशी सोय नसते, हे त्यामागील कारण. हा नियम धक्क्यावर समजणे फार महागात पडते.

सामान आणि शिडी

टर्मिनलवर पोचताच मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात द्याव्या लागतात. त्यांवर केबिन क्रमांकाची चिठ्ठी घट्ट बांधलेली असावी. या बॅगा क्ष-किरण तपासणी होऊन केबिनच्या दाराशी येतात, त्याला कधी कधी रात्र होते. म्हणूनच औषधे, ओळखपत्रे, चष्मा, बाळाचे खाणे व लंगोट, मुलांचे पोहण्याचे कपडे हातातील पिशवीतच हवेत. इस्त्री, पाण्याची विजेवरील किटली, मेणबत्त्या, उदबत्त्या, सुऱ्या आणि मद्य बहुतेक जहाजांवर काढून घेतले जाते. समुद्रात आग हे सर्वांत मोठे संकट मानले जाते, हे त्याचे मुख्य कारण. घरच्या फराळाबाबत प्रत्येक कंपनीचे नियम निराळे असल्याने लाडू-चिवड्याचे डबे भरण्यापूर्वी चौकशी करावी.

सुरक्षा तपासणी, ओळखपत्रांची पडताळणी आणि परदेशी सफर असल्यास इमिग्रेशन, असे टप्पे पार पडल्यावर प्रत्येकाला कार्ड मिळते. हेच कार्ड म्हणजे केबिनची किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट. जहाजावर रोकड चालत नाही. खर्च या कार्डावर नोंदला जातो. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते का, हे तेव्हाच विचारून घ्यावे. चालण्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांसाठी चाकांची खुर्ची हवी असल्यास ती आरक्षणाच्या वेळीच मागावी.

कवायत टाळू नका

जहाजावर पाऊल ठेवताच मुले तरणतलावाकडे धाव घेतात. त्याआधी एक काम उरलेले असते, ते सुरक्षा कवायतीचे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी चिविताव्हेक्किया बंदरात चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्या वेळच्या नियमानुसार ती चोवीस तासांच्या आत घेता येत असे. या दुर्घटनेनंतर 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारात बदल झाला आणि १ जानेवारी २०१५ पासून कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

भोंग्याचे सात लहान आणि एक लांब आवाज म्हणजे ठरलेल्या जागी जमण्याचा इशारा. आपली जमण्याची जागा कोणती, हे कार्डावर लिहिलेले असते. मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट केबिनमध्ये नसल्यास कर्मचाऱ्यांकडून लगेच मागून घ्यावे. खेळघरात सोडलेल्या मुलाला इशाऱ्याच्या वेळी कोण घेऊन येणार, हेही पहिल्याच दिवशी विचारावे.

निघण्यापूर्वी हे पाहा

- प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र व तिकिटावरील नाव जुळते का?
- मुलाचा जन्मदाखला व संमतीपत्र घेतले का?
- परतीच्या प्रवेशालाही चालणारा व्हिसा आहे का?
- टर्मिनलचे नाव आणि कंपनीने दिलेली वेळ लिहून ठेवली का?
- औषधे हातातील पिशवीत आहेत का?
- घरातील प्रत्येकाला जमण्याची जागा ठाऊक आहे का? हा प्रश्न मात्र जहाजावर चढल्यावर विचारायचा आणि उत्तर मिळाल्यावरच तरणतलावाकडे वळायचे.