हरण्याला औषध का नाही?

२०२०च्या पावसाळ्यात रावेर-यावलकडच्या कोवळ्या केळीबागांत पानांवर पिवळे पट्टे उमटले आणि शेतकऱ्यांना आपल्याच हाताने लावलेली रोपे उपटून टाकावी लागली. पाने आखडतात, पोंगा सडतो, झाड खुजे राहते. खान्देशात हा 'हरण्या'; हल्ली 'सीएमव्ही', म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. पुढच्या पावसाळ्यांतही तो आला. दरवेळी प्रश्न एकच: फवारायचे काय? याचे उत्तर विषाणूच्या घडणीतच आहे.

हा कण जेमतेम २९ नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरच्या ओळीत सुमारे ३४ हजार मावतील. एकाच प्रथिनाच्या १८० प्रतींचे कवच आणि आत आरएनए, एवढाच त्याचा संसार. बुरशीनाशक बुरशीच्या पेशीतल्या एखाद्या क्रियेवर घाव घालते. इथे पेशीच नाही, तर घाव घालायचा कशावर?

त्याचा जनुकीय मजकूर तीन आरएनए-तुकड्यांत विभागलेला असतो आणि हे तुकडे वेगवेगळ्या कणांत भरलेले असतात. तिन्ही एकाच पेशीत पोहोचले, तरच संसर्ग पुरता होतो. मजकूर सगळा मिळून साडेआठ हजार अक्षरांच्या आसपास. केळीच्या एका जनुकसंचात ती सुमारे ५० कोटी असतात. तरीही झाड हरते, कारण कवच सुटताच केळीचे रायबोसोम हा आरएनए स्वतःचाच समजून वाचू लागतात. पहिल्या दोन तुकड्यांवरून बनलेली प्रथिने पेशीतल्या रिक्तिकेच्या पटलावर जमून प्रती काढणारे यंत्र उभारतात. मूळ धाग्यावरून पूरक धागा, त्यावरून पुन्हा मूळ धागे, असे होत प्रती वाढत जातात. लागणारी ऊर्जा आणि कच्चा माल सगळा केळीचा. तिसऱ्या तुकड्यातून कवच मिळते, शिवाय पेशीपेशींमधल्या सूक्ष्म वाटांतून पुढे सरकवणारे प्रथिनही. झाड परका आरएनए ओळखून कापू लागले, तर त्या बचावाला लुळे पाडणारे '२बी' प्रथिनही विषाणूकडे तयार असते. हे थांबवणारे रसायन केळीच्या पेशीलाही जगू देणार नाही. संसर्ग झालेले झाड बरे करणारी फवारणी नाही, ती यामुळेच.

मग मावा मारला तर? मावा रोगट पानात सोंड खुपसतो, काही सेकंदांत कण सोंडेच्या टोकाला चिकटतात आणि तितक्याच झटपट पुढच्या पानात उतरतात. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत काम झालेले असते. भोपळावर्गीय पिकावरच्या प्रयोगात तर असे दिसले, की रोगट झाडाचा वास माव्याला जास्त ओढतो, पण रस नावडता असल्याने तो लगेच उडून जातो. विषाणूला यापेक्षा सोयीचे काय?

जळगाव-धुळ्यात कपाशी उदंड, आणि कपाशीवरचा मावा हा या विषाणूचा एक मुख्य वाहक. काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो आणि कित्येक तणे मिळून १,२००हून अधिक वनस्पतींत तो राहू शकतो. म्हणून केळीत ही आंतरपिके घेणे धोक्याचे आणि बांधावरचे तण काढणे निकडीचे. पट्टे दिसताच रोप कंदासकट उपटून पुरावे किंवा जाळावे. बांधावर टाकले तर मावा तिथूनही कण उचलतो.

टिश्यू कल्चरची रोपे आपोआप निरोगी असतात, असा समज अजूनही पक्का आहे. मातृवृक्षात विषाणू असेल, तर तोच हजारो रोपांत उतरतो. जैवतंत्रज्ञान विभागाने २००६मध्ये सुरू केलेल्या प्रमाणन प्रणालीत मातृवृक्षांची विषाणू-चाचणी सक्तीची आहे. ट्रॉलीतून रोपे उतरवण्याआधी ते प्रमाणपत्र मागून घ्यावे. तो शेतकऱ्याचा हक्क आहे.