डव्हटेलची पटाशी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सूर्यमाळ, खोडाळा, मोखाडा, जव्हार हा पट्टा साग-ऐनाच्या रानाचा. लाकूडकाम इथे नवं नाही. बोहाड्याचे लाकडी मुखवटे कोरणारे हात इथलेच, नांगर आणि जू घडवणारेही इथलेच, आणि त्यांना कोयते, कुऱ्हाडी, फाळ करून देणारे लोहारही याच मुलखातले. तरीही हाताने कापलेल्या डव्हटेल सांध्याचा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येतं : ‘त्याला वेगळ्या पटाश्या लागतात आणि त्या आपल्याकडे मिळत नाहीत.’ यातली पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीमुळे मात्र चांगले कारागीर या कामापासून उगाच लांब राहतात. डव्हटेलच्या पटाशीचा आकार सांधा ठरवतो आणि तिची धार उष्णता ठरवते. या दोन्ही गोष्टी गावच्या भात्यावर साधता येतात. त्यासाठी आधी काही समजुती दूर करायला हव्यात.

सांधा कसा असतो, ते थोडक्यात पाहू. एका फळीच्या टोकाला बाहेरच्या बाजूला रुंद होत जाणारे दात कापतात, त्यांना शेपट्या म्हणू. दुसऱ्या फळीत त्यांच्या मधल्या जागांत बसणाऱ्या खुंट्या कापतात. शेपटी टोकाला रुंद आणि बुडाशी अरुंद असल्यामुळे त्या दिशेने ओढली तरी ती निसटत नाही. म्हणूनच टेबलाच्या खणात शेपट्या बाजूच्या फळ्यांना ठेवतात. खण रोज पुढे ओढला जातो, पण त्याची दर्शनी फळी हातात येत नाही.

गैरसमज १ : धार चांगली असेल तर साधी पटाशीही चालते.

वस्तुस्थिती : इथे धारेइतकाच पटाशीच्या कडांचा आकार महत्त्वाचा आहे. शेपटीचा उतार मऊ लाकडात साधारण १:६ आणि कठीण लाकडात १:८ ठेवण्याची रीत आहे, म्हणजे अंदाजे साडेनऊ आणि सात अंश. त्यामुळे दोन शेपट्यांमधल्या जागेत बुडाशी जो कोपरा होतो, तो काटकोनापेक्षा लहान असतो. बाजारातल्या जाड पटाशीच्या कडा मात्र पाठीशी काटकोनात उभ्या असतात. ती त्या कोपऱ्यात सरकवली, की धार कोपऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच कडेचा वरचा भाग शेपटीच्या तिरक्या भिंतीला टेकतो.

किती अंतर राहतं, हे मोजता येतं. कड ३ मिलिमीटर जाड आणि उतार १:६ असेल, तर धार कोपऱ्यापासून ३ भागिले ६, म्हणजे अर्धा मिलिमीटर दूर थांबते. तेवढं लाकूड कोपऱ्यात शिल्लक राहतं आणि सांधा पूर्ण बसत नाही. जोर करून पटाशी पुढे रेटली तर शेपटीची भिंत चेपते आणि बाहेरून फट दिसते. म्हणून डव्हटेलच्या पटाशीच्या दोन्ही कडा वरून तिरक्या घासून पाठीशी जवळजवळ शून्य जाडीच्या करतात. काही पटाश्यांचा आडवा छेद तर चक्क त्रिकोणी असतो.

खणाच्या दर्शनी फळीत सांधा पुढून दिसू नये म्हणून तो अर्धा झाकलेला ठेवतात. तिथे करवत आतल्या कोपऱ्यापर्यंत जातच नाही. त्या कोपऱ्यांसाठी दोन उपाय आहेत. एक म्हणजे तिरक्या धारेच्या पटाश्यांची जोडी, एक डाव्या आणि एक उजव्या कोपऱ्यासाठी. दुसरा म्हणजे जिचं पातं धारेशीच रुंद असतं आणि मागे लगेच निमुळतं होतं अशी, माशाच्या शेपटीच्या आकाराची पटाशी. तिचा दांडा भिंतीला लागत नाही, फक्त धार कोपऱ्यात शिरते.

गैरसमज २ : ही परदेशी कला आहे, तेव्हा हत्यारंही परदेशीच हवीत.

वस्तुस्थिती : डव्हटेल सांधा प्राचीन इजिप्तच्या लाकूडकामातही सापडतो. तो कुठल्या एका देशाची मालमत्ता नाही. आणि चांगल्या पोलादाची ओळख आपल्याला बाहेरून व्हावी, असाही इतिहास नाही. दक्षिण भारतातलं जास्त कार्बनचं पोलाद मध्ययुगात तलवारींसाठी पश्चिम आशियात जात होतं.

जपानी पटाश्यांचं आज मोठं कौतुक होतं. त्यांच्यात कडक पोलादाचा पातळ थर मऊ लोखंडावर भट्टीत जोडलेला असतो. धारेला कडकपणा मिळतो आणि अंगाला चिवटपणा. कुऱ्हाडीच्या पात्याला धारेपुरतं पोलाद जोडणाऱ्या लोहाराला हे तत्त्व समजावून सांगावं लागणार नाही. शिवाय नवं पातं घडवलंच पाहिजे असंही नाही. चांगल्या पोलादाची जुनी पटाशी घेऊन तिच्या कडा तिरक्या घासल्या तरी डव्हटेलची पहिली पटाशी तयार होते. घासताना पातं गरम होऊ दिलं नाही, तर पुन्हा पाणी द्यायचीही, म्हणजे तापवून बुडवून कडक करायचीही, गरज पडत नाही.

गैरसमज ३ : लोखंड ते लोखंड, कशाचीही पटाशी होते.

वस्तुस्थिती : कडक होण्याची ताकद कार्बनमधून येते. बांधकामाच्या सळईत कार्बन साधारण ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नसतो. ती लाल करून कितीही वेळा पाण्यात बुडवली तरी टिकाऊ धार धरण्याइतकी कडक होत नाही. ट्रकच्या कमानपाट्यात सुमारे ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. त्याची पटाशी चिवट होते आणि ठोकण्याच्या कामाला उत्तम चालते. चांगल्या जुन्या कानशीत कार्बन एक टक्क्याहून जास्त असतो. तिची धार अधिक बारीक लागते आणि जास्त टिकते, म्हणून कोपरे तासायच्या नाजूक पटाश्यांना ती योग्य.

दोन्हींत धोके आहेत. वापरून टाकलेल्या कमानपाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. कानशीचे दात पूर्ण घासून काढले नाहीत, तर पाणी देताना त्याच खाचांतून पातं तडकतं. आणि अलीकडच्या काही स्वस्त कानशी फक्त वरच्या थरातच कडक असतात. म्हणून आधी परीक्षा घ्यावी. तुकड्याचं टोक लाल करून बुडवावं आणि कापडात गुंडाळून हातोडीने तोडावं. ते कट्कन तुटलं आणि आतला कण बारीक, राखाडी दिसला तर पोलाद कामाचं आहे. न तुटता वाकलं तर ते बाजूला ठेवावं.

गैरसमज ४ : खरं गुपित लोहाराच्या पाण्यात असतं.

वस्तुस्थिती : कोणी पाण्यात मीठ घालतं, कोणी झाडपाल्याचा रस, कोणी आणखी काही. यातल्या मिठाचा परिणाम खरा आहे. मिठाच्या पाण्यात पोलाद साध्या पाण्यापेक्षा लवकर थंड होतं. बाकी सगळं काम उष्णतेचं आणि थंड होण्याच्या वेगाचं. ठरावीक तापमानाच्या वर पोलादाची आतली रचना बदलते. तिथून ते झपाट्याने थंड केलं की ती रचना कडक रूपात गोठते. हळू थंड केलं तर पोलाद पुन्हा मऊ होतं. म्हणूनच घडवण्याआधी कानस लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवतात, मग ती घासता येते.

तापमान ओळखायला महागडं यंत्र नको. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं. चुंबक सुटला की आणखी थोडंसं तापवावं आणि बुडवावं. भट्टी सावलीत का असावी, याचं कारणही हेच. भर उन्हात लाल रंगाची छटा कळत नाही आणि पोलाद जास्त तापतं. जास्त तापलेल्या पोलादाचा कण मोठा होतो आणि धार खरखरीत, ठिसूळ निघते. रंग पाहून उष्णता ओळखणारी लोहाराची नजर हेच त्याचं खरं ज्ञान आहे, आणि त्याचा मान राखला पाहिजे.

कमानपाट्याला तेल योग्य. पाण्यात तो तडकू शकतो. कानशीचं पातळ पातंही तेलात सुरक्षित राहतं. तेल कोमट असावं, पातं उभं बुडवावं आणि आडवं हलवू नये, नाहीतर ते वाकतं. बुडवण्याआधी धार पूर्ण काढू नये. टोकाशी साधारण एक मिलिमीटर जाडी ठेवावी, कारण पातळ कड भट्टीत आधी जळते. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून ते लोखंडी भांड्यातच घ्यावं, झाकण आणि वाळू हाताशी ठेवावी. डोळ्यांवर चष्मा हवाच.

गैरसमज ५ : जितकी कडक, तितकी चांगली.

वस्तुस्थिती : नुसती बुडवलेली पटाशी काचेसारखी असते. सागाच्या पहिल्याच गाठीवर तिची धार तुटते. म्हणून कडक केल्यावर तिला पुन्हा हलकी आच द्यावी लागते. पातं चकचकीत घासून मुठीकडच्या बाजूने हळू तापवलं की पृष्ठभागावर रंग धावू लागतात. आधी फिकट पिवळा, सुमारे २०० ते २२० अंशांना. मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. डव्हटेलच्या पटाशीला धारेशी पिवळा रंग पोहोचला की लगेच बुडवावं. कमानपाट्याला फिकट पिवळा पुरतो, कानशीला थोडा गडद चालतो. मुठीत जाणारं टोक मात्र निळं किंवा मऊच असावं. तिथे कडकपणा राहिला तर ठोक बसताच पातं मुठीशी मोडतं.

गैरसमज ६ : ग्राइंडरवर पातं निळं पडलं, तर रंग घासून टाकला की झालं.

वस्तुस्थिती : रंग पुसला जातो, पण गेलेला कडकपणा परत येत नाही. साध्या कार्बन पोलादाचं पातं निळं झालं म्हणजे तेवढा भाग मऊ पडला. तो पूर्ण घासून काढावा लागतो, किंवा पुन्हा पाणी द्यावं लागतं. डव्हटेलच्या पटाशीत हा धोका सगळ्यात मोठा. तिच्या कडा आणि कोपरे पातळ असतात, त्यामुळे ते क्षणात तापतात. उघड्या बोटांनी पातं धरावं, चटका जाणवला की पाण्यात बुडवावं, आणि शेवटचं काम कानशीने किंवा ओल्या दगडावर हातानेच करावं. हायस्पीड स्टील हा याला अपवाद आहे. ते पाचशे अंशांपर्यंत आपला कडकपणा धरून ठेवतं, पण गावच्या भट्टीत त्याला पाणी देणं जमत नाही.

गैरसमज ७ : धार तिरक्या बाजूला असते, पाठीकडे बघायचं कारण नाही.

वस्तुस्थिती : दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती धार. त्यातला एक पृष्ठभाग म्हणजे पाठ. ती टोकाशी सपाट आणि आरशासारखी घासलेली नसेल, तर तिरकी बाजू कितीही घासली तरी धार दातेरीच राहते. शिवाय सांध्याच्या बुडाची रेषा सरळ तासताना पाठच लाकडाला टेकून पटाशीला वाट दाखवते. पाठ गोलावली असेल तर पटाशी आत किंवा बाहेर भरकटते. जपानी पटाशीची पाठ मधून किंचित खोलगट असते ती यासाठीच. घासायचा भाग कमी राहतो आणि सपाटी सांभाळणं सोपं जातं.

हलक्या तासणीसाठी २५ अंशांची धार चालते. ठोकून काम करायचं असेल तर ३० अंश ठेवावी. सागात नैसर्गिक सिलिका असते आणि ती धार लवकर खाते. त्यामुळे सागावर काम करणाऱ्याने दगड शेजारीच ठेवावा. सांध्यामागून सांधे कापून झाल्यावर धार लावण्यापेक्षा दर दोन-तीन सांध्यांनी चार हात फिरवणं फायद्याचं.

गैरसमज ८ : एवढ्या पावसाच्या मुलखात असा सांधा टिकत नाही, खिळा आणि गोंदच बरा.

वस्तुस्थिती : सूर्यमाळेच्या पावसात खिळा गंजतो आणि भोक मोठं होतं. डव्हटेलमध्ये गंजायला काही नाही. लाकूड दमटपणात रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पेटीच्या चारही फळ्यांचे रेषे एकाच दिशेने कोपऱ्याभोवती फिरतात. त्यामुळे पावसाळ्यात चारही फळ्या उंचीला सारख्याच वाढतात आणि उन्हाळ्यात सारख्याच आकसतात. सांध्यावर ताण येत नाही. फक्त पेटीचा तळ खाचेत मोकळा बसवावा, त्याला गोंदाने जखडू नये. आणि लाकूड चांगलं वाळलेलं हवं. ओल्या लाकडात घट्ट बसवलेला सांधा वाळल्यावर सैल होतो, मग पटाशी कितीही चांगली असो.

या कामाला आधारही उपलब्ध आहे. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आणि लोहार आहेत, तसेच हातोडा आणि अवजारांचे संच बनवणारेही आहेत. अवजारांसाठी तिच्यात १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने दाखवून दिलं आहे, की गावातली मुलं कार्यशाळेत हातांनी काम करत विज्ञान उत्तम शिकतात. पटाशीला पाणी देणं हा तर धातुविज्ञानाचा एक सुंदर धडा आहे. आदिवासी भागातल्या आश्रमशाळांत तो सुतार आणि लोहार या दोघांच्या हातून शिकवला जायला हवा.

सुरुवात एकाच पटाशीने करावी. साधारण ६ मिलिमीटर रुंदीची जुनी पटाशी घ्यावी आणि तिच्या कडा पाठीशी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ कराव्यात. मग सागाच्या टाकाऊ तुकड्यावर एक सांधा कापून बघावा. धार तुटली तर पटाशी जास्त कडक आहे, तिला पुन्हा हलकी आच द्यावी. धार वळली तर ती मऊ आहे, पुन्हा पाणी द्यावं लागेल. कोपऱ्यात लाकूड शिल्लक राहिलं तर कड अजून जाड आहे. या तीन खुणा वाचता आल्या, की तिरक्या धारेची जोडी आणि माशाच्या शेपटीची पटाशी करायला दुसऱ्या कोणाची वाट बघावी लागत नाही. सुताराने कोपरा मोजून सांगावा आणि लोहाराने त्या मापाचं पातं करून द्यावं. हे दोघे एकाच बाजारगावात राहतात, हीच या मुलखाची मोठी जमेची बाजू आहे.