मुरुडशेंगेचे बीजांकुरण
मुरुडशेंग : (केवण, हिं. मरोडफली, सं. आवर्तनी, लॅ. हेलिक्टेरिस आयसोरा, कुल—मालव्हेसी, पूर्वी स्टर्क्युलिएसी). भारतातील पानझडी वनांत व डोंगरउतारांवर आढळणारे हे मोठे झुडूप त्याच्या पीळदार फळांवरून सहज ओळखू येते. विटकरी तांबडी फुले पुढे निळसर करडी होतात. मधुरसासाठी त्यांवर पक्षी येतात. सालीच्या धाग्याचे दोर करतात. फळे पोटातील मुरड्यावर देतात व त्यासाठी ती रानातून गोळा केली जातात; म्हणजे बियाही त्यांबरोबर बाजारात जातात.

तोडलेल्या खुंटापासून हे झुडूप पुन्हा जोमाने फुटते, त्यामुळे जुन्या रानात ते टिकून राहते. उजाड उतारावर ते नव्याने आणावयाचे तर रोपे हवीत, आणि रोपवाटिकेत अडचण येते ती येथेच : न संस्कारिता पेरलेले बी फार थोडे उगवते. ते निर्जीव असते असे नाही. कठीण बीजावरणातून पाणी आत शिरत नाही व गर्भाची वाढ सुरूच होत नाही. या अवस्थेस भौतिक प्रसुप्ती म्हणतात. वनस्पतीच्या दृष्टीने ती हिताचीच होय. पहिल्या सरींनंतर पावसाने ओढ दिली, तरी सर्व बियांचा एकदम नाश होत नाही.

प्रथम पक्व, सुकून तपकिरी झालेल्या फळांतील बिया घेऊन किडक्या वेगळ्या काढतात. थोड्या बियांच्या आवरणास, आदिमुळाची बाजू सोडून, बारीक छेद देऊन त्या रात्रभर पाण्यात ठेवाव्यात. छेद दिलेल्या फुगल्या व इतर तशाच राहिल्या, तर अडथळा आवरणाचाच, असे समजावे. मग उकळून विस्तवावरून उतरविलेल्या पाण्यात बिया टाकून पाणी निवेपर्यंत ठेवतात. फुगलेल्या लगेच पेरतात, उरलेल्यांवर पुन्हा हीच क्रिया करतात. उकळत ठेवल्यास गर्भ मरतो. संहत सल्फ्यूरिक अम्लानेही आवरण झिजते, परंतु काळाचा अंदाज चुकल्यास बी जळते व हाताळणाऱ्यास इजा होते. साध्या रोपवाटिकेत ते न वापरणेच बरे. बियाणे थोडे असल्यास पॉलिश कागदावर हलके घासणे पुरते. प्रत्येक रानातील बियांचे आवरण सारखे कठीण नसते, म्हणून पूर्ण साठा संस्कारण्यापूर्वी नमुना पेरून पाहतात. संस्कारित बी साठवून ठेवीत नाहीत; ते पावसाळ्याच्या तोंडावर भुसभुशीत मातीत उथळ पेरतात. बी अनेक झुडपांवरून घ्यावे व प्रत्येकावर काही फळे राहू द्यावीत.